काट्यासमोरचा रस्ता

साखर कारखान्याच्या आवारात कुठला रस्ता सगळ्यात आधी मोडणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. वजनकाट्यासमोरचा. बाकी ठिकाणी गाड्या निदान चालत तरी असतात. काट्यासमोर त्या तासन् तास रांगेत उभ्या राहतात, पुढची गाडी काट्यावरून उतरली की गचका देऊन दोन हात पुढे सरकतात आणि पुन्हा करकचून ब्रेक. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली स्लॅबचा एकच कोपरा घासत जाते, दिवसरात्र, पाच महिने. कायद्याने ट्रकच्या चार चाकांच्या एका आसावर १०.२ टन चालायचे, २०१८ पासून ११.५ टन चालतात. आमच्याकडे येणाऱ्या गाडीवर खरंच किती असतं, ते काट्यालाच विचारलेलं बरं.

मी कारखान्याच्या सिव्हिल विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक सुपरवायझर आणि एक लेव्हल मशीन. काट्यासमोरचा साध्या काँक्रीटचा स्लॅब माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातला. पहिल्याच हंगामात त्याचे कोपरे तुटले होते. दुसऱ्या हंगामात भेगांतून पाणी खाली गेलं आणि गाडी गेली की चिखल पिचकारीसारखा वर उडायला लागला. चिखल वर येतो म्हणजे स्लॅबखालची माती बाहेर येते. म्हणजे खाली पोकळी. मग वर कितीही ठिगळं लावा. तिसऱ्या हंगामात आम्ही भेगांत डांबर ओतत होतो आणि गाडीवान आम्हाला शिव्या घालत होते. त्यांचं बरोबर होतं.

गळीत हंगाम संपल्यावर ठरलं की आता पूर्ण उखडून नवीन करायचं. साठ मीटर लांब, बारा मीटर रुंद, दोन्ही काट्यांपुढे. नेहमीच्या हिशेबाने २५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब, त्याखाली डीएलसी (कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट), त्याखाली खडीचा थर. अडचण अशी की काट्याच्या प्लॅटफॉर्मची पातळी ठरलेली, वर चढता येत नाही, आणि खाली आग विझवायच्या पाण्याची जुनी लाइन जमिनीत अगदी उथळ गेलेली. ती हलवायची तर हंगामाआधी काम उरकत नाही. सगळे थर धरून बसवले तर स्लॅबला २०० मिलिमीटरच उरत होते. चीफ साहेब म्हणाले, "सळ्यांची जाळी टाका."

जाळीचं काय होतं ते मला जुना स्लॅब फोडताना दिसलं होतं. केन यार्डच्या (उसाच्या गाड्या थांबतात त्या मैदानाच्या) एका भागात कधी काळी जाळी टाकलेली होती. ब्रेकरने काँक्रीट उचललं तर जाळी स्लॅबच्या पोटाला, थेट मातीवर, गंजून करपलेल्या पापडासारखी. टाकताना ती खुर्च्यांवर, म्हणजे छोट्या टेकूंवर, ठेवलेली असणार, पण काँक्रीट ओतणारी माणसं तिच्यावरूनच चालतात. पायाखाली गेलेली जाळी परत वर कोण उचलतो? कागदावर जाळी, जागेवर भंगार.

तेव्हा मी स्टील फायबरचं नाव काढलं. भिवंडीकडच्या गोदामांच्या फरश्यांना वापरतात, हे माहीत होतं. एका मित्राने तिथे दोन वर्षं तेच काम केलेलं. रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिका आहे, एसपी ४६, पहिली १९९७ ची आणि सुधारलेली २०१३ ची. ती वाचून, पुरवठादाराच्या डिझाइनरकडून गणित करून घेऊन आणि ते स्वतः दोनदा तपासून मी २०० मिलिमीटर जाडी, एम ४० (चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसणारं) काँक्रीट आणि घनमीटरला ३० किलो फायबर असा प्रस्ताव दिला.

फायबर म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, तारेचे तुकडे. आमचे ६० मिलिमीटर लांब, पाऊण मिलिमीटर जाड, दोन्ही टोकं दुमडलेली, स्टेपलरची पिन अर्धी उघडावी तशी. लांबी भागिले जाडी म्हणजे ८०, हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे मला महागात पडला. एका किलोत साधारण पावणेपाच हजार तुकडे बसतात. ३० किलो म्हणजे एका घनमीटरात जवळजवळ दीड लाख, आणि सगळे एकापुढे एक लावले तर साडेआठ किलोमीटर तार. ऐकायला खूप वाटतं, पण आकारमानाने ते काँक्रीटच्या ०.४ टक्केही नाही.

पैशाचं आधीच सांगून टाकतो, कारण यावर फार थापा चालतात. फायबरने स्वस्त पडतं असं जो विक्रेता म्हणेल, त्याला कागदावर मांडायला सांगा. आमच्याकडे स्लॅब ५० मिलिमीटरने पातळ झाल्याने ३६ घनमीटर काँक्रीट वाचलं. १४४ घनमीटरात घातलेल्या सव्वाचार टनांहून जास्त फायबरची किंमत त्या बचतीच्या जवळपास दुप्पट झाली. आम्हाला ते परवडलं, कारण पाण्याची लाइन हलवावी लागली नाही आणि हंगाम अडला नाही. जिथे खाली जागा आहे आणि वेळ आहे, तिथे मी आजही साधा जाड स्लॅबच सांगेन.

ऑगस्टच्या सुरुवातीला, पावसाची उघडीप बघून, स्टोअरमागे चार बाय चार मीटरचा एक नमुना स्लॅब घालायचा ठरला. त्यासाठी फायबर मी निवडलं आणि इथे माझी पहिली चूक झाली. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात तुकडे पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवलेले असतात, कंगव्यासारख्या पट्ट्या. मिक्सरमध्ये गेल्यावर गोंद सुटतो आणि तुकडे आपोआप पसरतात. दुसऱ्यात ते सुटे असतात. सुटं किलोमागे स्वस्त. तार तीच, लांबी तीच, मग गोंदाचे पैसे कशाला द्यायचे, असं मला वाटलं. वीस पोती मागवली, वीस-वीस किलोची.

ट्रान्झिट मिक्सर चार घनमीटर घेऊन आला. फायबर १२० किलो, म्हणजे सहा पोती. ड्रायव्हरला परत जायची घाई, वर आभाळ भरलेलं, दोन पोरं शिडीवर चढली आणि मिनिटभरात सहाच्या सहा पोती तोंडातून आत रिकामी केली. मी खाली स्लम्पचा, म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं ते मोजायचा, कोन शोधत होतो. वर बघितलं तेव्हा रिकामी पोती खाली पडत होती.

शूटमधून काँक्रीट सुरू झालं ते छान सुरू झालं. मग धप्प. नारळाएवढा गोळा, चारी बाजूंनी तारा बाहेर आलेल्या, मध्ये कोरडं सिमेंट. मुकादम बापूंनी तो फावड्याने बाजूला ओढला, निरखून बघितला आणि म्हणाले, "साहेब, ही साळू कुठनं आली?"

साळू म्हणजे साळिंदर. त्या मिक्सरमधून तसल्या अकरा साळ्या निघाल्या. त्या दिवसापासून साइटवर त्याचं नावच साळू. झालं काय होतं, तर लांब आणि बारीक तुकडे सुटे असले की ते एकमेकांत अडकायला टपलेलेच असतात. लांबीला जाडीने भागून येणारा आकडा जितका मोठा, तितके जास्त. त्यात ते ढिगाने टाकले तर ढीगच फिरत राहतो. ८० च्या फायबरला गोंद लागतोच. मी तो वाचवला.

ही भानगड कमी होती म्हणून की काय, फायबर पडल्यावर काँक्रीट एकदम घट्ट दिसायला लागलं. आधी १२० मिलिमीटर असलेला स्लम्प ८० वर आला. हे व्हायचंच असतं. तारा काँक्रीटला धरून ठेवतात, कोन उचलला तरी ते बसत नाही, पण व्हायब्रेटर लावला की पळतं. ड्रायव्हरला हे कुठून माहीत? त्याने सवयीने पाण्याची नळी सोडली. मी ओरडेपर्यंत किती गेलं कोण जाणे. पाणी वाढलं की ताकद गेली, आणि काँक्रीट पातळ झालं की तारा तळाला. घट्ट वाटलं तर केमिकलचा डोस वाढवायचा, पाणी नाही, हे नंतर मी मिक्सरच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवलं होतं.

तारा खरंच सगळीकडे पसरल्या का, हे बघायची परीक्षा मला फार आवडली, कारण तिला लोहचुंबकापलीकडे काही लागत नाही. मिक्सरच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असं दहा-दहा लिटर ओलं काँक्रीट बादलीत घ्यायचं, पाण्याने धुवायचं, चुंबकाने तारा वेचायच्या आणि वजन करायचं. घनमीटरला ३० किलो असेल तर दहा लिटरला ३०० ग्रॅम मिळायला हवेत. चुंबक आमच्याकडे नव्हता. सुपरवायझरने त्याच्या मंडळाच्या गणपतीचा जळलेला स्पीकर फोडून आणला. किराणा दुकानातला तराजू आणला. नमुना स्लॅबचे आकडे आले १९०, ३१०, ३९५. म्हणजे एका टोकाला दोन तृतीयांशाहूनही कमी आणि दुसऱ्या टोकाला सव्वापटीहून जास्त. असा स्लॅब रस्त्यात गेला असता तर एका कोपऱ्यात तो साधं काँक्रीटच असता, आणि तुटतो तो कोपराच.

गोंदाच्या पट्ट्या मागवल्या. आठ दिवसांनी दुसरा नमुना घातला. या वेळी शिडीच्या जागी नीट मचाण, एका मिनिटाला दीड पोतं, त्याहून जास्त नाही, ड्रम पूर्ण वेगात, आणि शेवटचं पोतं पडल्यावर घड्याळ लावून सहा मिनिटं फिरवणं. ड्रायव्हर वैतागला, डिझेल जळतंय म्हणाला. त्याला चहा पाजला. बादल्यांचे आकडे २८५, ३००, ३१०. साळू एकही नाही.

दुसऱ्या नमुन्याच्या काँक्रीटचे क्यूब (दाबाखालची ताकद बघायचे ठोकळे) आणि बीम जिल्ह्याच्या गावी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिले. त्याच मिक्सरमधून फायबर घालण्याआधी काढलेल्या साध्या काँक्रीटचेही दिले. अठ्ठावीस दिवसांनी क्यूबचे निकाल आले. साधं ४८, फायबरचं ४९. चीफ साहेबांनी कागद दोनदा उलटसुलट केला. "एवढे पैसे घालून एकच आकडा वाढला?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच खड्डा पडला होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की फायबरने दाबाखालची ताकद वाढत नाही. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि साहेबांसमोर तो कागद धरणं वेगळं. मी त्यांना गाडीत घातलं आणि बीम तुटताना बघायला प्रयोगशाळेत नेलं.

दीडशे बाय दीडशे, सातशे मिलिमीटर लांब बीम, खाली दोन टेकू, वरून दोन ठिकाणी दाब. साधा बीम पहिला लावला. मशीनचा काटा चढत गेला, चढत गेला, आणि ठाप! दोन तुकडे, एक तर खाली फरशीवर. ना भेग दिसली, ना सूचना. मग फायबरचा. काटा जवळजवळ तिथेच पोचला, थोडासाच वर. एक बारीक टक्क आवाज, खालून वर केसाएवढी रेघ. आणि बीम तिथेच. दाब खाली आला पण शून्यावर गेला नाही. मशीनवाल्याने आणखी दाबलं तशी रेघ रुंद झाली आणि आतून तारा हळूहळू ओढल्या जाताना दिसल्या. शेवटी त्याने बीम खाली काढून ठेवला. साहेब त्यावर उभे राहिले, नव्वद किलोचे. वाकला, पण दोन झाला नाही.

या फायबरचं सगळं काम भेग पडल्यानंतर सुरू होतं. त्याआधी ते तिथे आहे की नाही हे काँक्रीटला कळतही नाही. भेग पडली की तिच्यावरून आडवे गेलेले तुकडे ओढले जातात. दुमडलेलं टोक काँक्रीटमधून सरळ होत होत बाहेर यावं लागतं आणि त्याला जोर लागतो. तार तुटता कामा नये, सरकली पाहिजे. म्हणून ती साध्या सळईच्या दुपटीहून जास्त ताकदीची लागते. तुटली तर सगळी ताकद एका क्षणात जाते, सरकली तर खेचत खेचत जाते. परतताना गाडीत साहेब म्हणाले, "म्हणजे गोधडीचे टाके." इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

एक मात्र नोंदवतो. भेगेनंतर बीम किती भार धरतो हे आकड्यात मांडायचं तर वेगळं मशीन लागतं, जे दाबाने नाही तर बीम किती वाकतो त्या हिशेबाने चालतं. त्या प्रयोगशाळेत ते नव्हतं. डिझाइनला तोच आकडा लागतो आणि तो आम्ही पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावरून घेतला. पुढच्या वेळी मी नमुने जिथे ते मशीन आहे तिथे पाठवीन, खर्च झाला तरी.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्य काम. डीएलसीवर प्लॅस्टिक कागद, चार मीटरचे तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्याला सहा घनमीटरच्या आठ गाड्या. एका गाडीला नऊ पोती. पट्ट्यांच्या आडव्या सांध्यांत गुळगुळीत डॉवेल सळ्या घातल्याच. फायबर आहे मग सळ्या कशाला, हा प्रश्न मला कमीत कमी चार जणांनी विचारला. सांधा म्हणजे मुद्दाम पाडलेली भेग, ती उघडणार आणि चाकाचा भार या स्लॅबवरून त्या स्लॅबवर जायचा तो सळईवरूनच. तिथे मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या एका ठिकाणी ऐकलं, त्याचं पुढे सांगतो.

काँक्रीट टाकण्यापेक्षा फिनिशिंगने जास्त दमवलं. साध्या काँक्रीटवर शेवटी ओलं गोणपाट ओढतात तसं ओढायला गेलो, तर गोणपाटाच्या धाग्यांनी तारा उचकटून वर आणल्या, शेतात नांगर फिरल्यावर धसकटं वर येतात तशा. गोणपाट बाजूला ठेवलं. स्क्रीड व्हायब्रेटरने नीट बसवून घेतलं की वर सिमेंटचा पातळ थर येतो आणि तारा त्याखाली झोपतात. मग मऊ झाडू, एकाच दिशेने, जवळजवळ आडवा धरून. परत उलटा फिरवायचा नाही. हे हात बसायला पहिला अख्खा पट्टा गेला.

मग सांधे कापणं. साध्या काँक्रीटला मी साधारण सात-आठ तासांनी कटर लावतो. इथेही सात तासांनी लावला. पातं फिरलं आणि कडा दातेरी. अजून कच्च्या काँक्रीटमधून पातं तार कापत नव्हतं, उपटत होतं. दोन हात कापून थांबवलं. उशीर केला तर स्लॅब स्वतःच्या मर्जीने तडकणार, घाई केली तर कडा जाणार. बापू, मी आणि कटरवाला पोरगा पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाला कोपऱ्यात दोन इंच कापून बघत बसलो. अकराव्या तासाला कड साफ आली. खोली ६५ मिलिमीटर, जाडीच्या एक तृतीयांश. फायबरमध्ये याहून कमी कापलं तर खालच्या तारा सांध्याला उघडूच देत नाहीत आणि भेग भलतीकडे जाते.

त्या रात्री मधल्या वेळात मोबाइलवर वाचत होतो. तारांच्या तुकड्यांनी काँक्रीटमधली भेग अडवता येते, हे शास्त्रीय पद्धतीने मांडलं अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅट्सन यांनी, १९६३ मध्ये. आणि तिकडे या काँक्रीटचा पहिला रस्ता झाला १९७१ च्या ऑगस्टमध्ये, ओहायो राज्यातल्या अ‍ॅशलंडजवळ. कुठे? तर ट्रकच्या वजनकाट्यावर. मी बापूंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिकडं बी काट्यापुढंच बोंब होती." आणि विडी पेटवली.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला, मातीचे वाफे करून चौदा दिवस पाणी साठवलं. परतीच्या पावसाने निम्मं काम फुकटात केलं. पाणी उतरल्यावर सगळ्या स्लॅबवर तांबूस ठिपके, देवी आल्यासारखे. साहेबांचा फोन, "रस्ता गंजला!" वरच्या दोन-चार मिलिमीटरमधल्या तारांची टोकं गंजतात, एवढंच. आतल्या तारेला सिमेंट सांभाळतं, आणि तार इतकी बारीक की गंजून फुगली तरी काँक्रीट फोडायची तिची ऐपत नाही. ठिपके चाकांनी घासून दोन महिन्यांत गेले.

पण टोकांचा एक प्रश्न कुठल्या पुस्तकात मला सापडला नव्हता. तो एका गाडीवानाने काढला. दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन झालं, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या, बीडकडच्या एका गाडीवानाने बैल सोडायच्या आधी स्लॅबवर तळवा फिरवला आणि मला हाक मारली. "साहेब, माझ्या बैलाच्या खुराला लोखंडी पत्री हाय, पर खुराच्या मधी मऊ असतंय. आन् लेकरं तर अनवाणी हिंडत्यात."

मी गुडघ्यावर बसून तळवा फिरवला. दहा हातांत तीन ठिकाणी टोचलं. गोदामाच्या फरशीवर फोर्कलिफ्ट फिरतात. त्यांना याचं काय? टायर पंक्चर होईल का, एवढाच विचार मी केलेला, आणि चाकाखाली ही बारीक टोकं मोडून पडतात, त्यामुळे निश्चिंत होतो. बैल आणि पोरं माझ्या हिशेबात नव्हतीच. तीन दिवस सहा बायका कटर पक्कड घेऊन, उन्हं तिरकी असताना, कारण तेव्हाच टोकं चमकतात, ४५ च्या ४५ चौकोन तपासत गेल्या. टोक दिसलं की मुळापासून कापायचं, खोल असेल तर ग्राइंडर. शेवटी सगळ्यावरून चुंबक बांधलेली लाकडी फळी ओढली. दोन वाट्या भरून निघाले. त्या गाडीवानाला बोलावून पुन्हा तळवा फिरवायला सांगितलं. त्याने फिरवला, काही न बोलता बैल घेऊन गेला.

शेतकी अधिकारी मात्र रोज विचारत होते, कधी सोडताय? मी अठ्ठावीस दिवसांवर अडून बसलो. शेवटचा पट्टा तर एकतिसाव्या दिवशी सोडला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली गाडी गेली.

आता ज्या ठिकाणी ऐकलं त्याचं. काट्याच्या खड्ड्याचा कोपरा स्लॅबच्या आत घुसतो तिथे काँक्रीट तिरकं तडकायला बघतं. खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला भेग जाते तसंच. पहिल्या काट्यापाशी मी तीन तिरक्या सळ्या टाकल्या. दुसऱ्या काट्याच्या वेळी गाडी उभी, सळ्या वाकवायच्या राहिलेल्या, आणि साहेब म्हणाले, "अहो, एवढ्या तारा आहेत की." मी गप्प बसलो. त्यांना दोष देत नाही, सही माझी होती.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या काट्याच्या कोपऱ्यातून भेग निघाली. हातभर लांब, बरोबर तिरकी. पहिल्या काट्यापाशी काही नाही. मी प्लॅस्टिकचं क्रॅक गेज ठेवून मापली, ०.२ मिलिमीटर. शेजारी खडूने तारीख लिहिली. जुन्या स्लॅबची असली भेग महिन्याभरात नखं बसतील एवढी व्हायची आणि दुसऱ्या महिन्यात चिखल ओकायची. ही मी दर सोमवारी मापत राहिलो. जानेवारीत ०.२. फेब्रुवारीत ०.२५ वाटली, पण गेजवर ते डोळ्याचंच माप. मार्चमध्ये हंगाम संपला तेव्हा ०.३, लांबी चार बोटं वाढलेली. दोन्ही बाजूंची पातळी एक, कड तुटलेली नाही, पाणी ओतलं तर सावकाश मुरतं, चिखल येत नाही. काट्यावर एवढ्या गाड्या होऊन. मला लाज आणि समाधान दोन्ही एकाच हातभर जागेत बघायला मिळालं. ती भेग आता इपॉक्सीने भरायची आहे.

मार्चअखेरीला स्टोअरची मोजणी होती. पहिल्या नमुन्याची उरलेली सुट्या फायबरची चौदा पोती कोपऱ्यात तशीच पडून होती. पुरवठादार परत घेईना, मी कुठे वापरीना. स्टोअरकीपर तात्या रजिस्टर घेऊन आले. फायबरचं खातं गोंदाच्या नव्या पट्ट्यांच्या नावाने उघडलेलं आणि बंदही झालेलं, मग हा माल त्यांनी सापडेल त्या जवळच्या खात्यात धरला होता. खिळ्यांच्या पानावर, शेवटच्या ओळीत, त्यांच्या गोल अक्षरात: ‘चुका, वाकड्या – १४ पोती.’ शेजारी सहीसाठी जागा सोडलेली होती. मी केली.